कल्पनेतल्या गावाचा पहिला नकाशा काढायचाय? सॉफ्टवेअरच्या आधी उल्हास नदी बघा

काल्पनिक गावाचा नकाशा पहिल्यांदा काढायला बसलं की हात एकाच गोष्टीकडे जातो: घरं. सॉफ्टवेअर उघडायचं, डाव्या बाजूच्या यादीतून झोपडी उचलायची आणि हिरव्या पार्श्वभूमीवर टाकायची. वीस-पंचवीस घरं झाली की मध्ये एक देऊळ, कडेला झाडं, आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या जागेतून एक निळी रेघ. ती नदी. नकाशा छान दिसतो, पण दोन मिनिटं बघितल्यावर काहीतरी खटकतं. हे गाव इथेच का वसलं, याचं उत्तर त्यात कुठेच नसतं.

हे उत्तर नकाशात आणायचं कसं, हे या लेखात बघू. त्यासाठी मध्य रेल्वेवरची तीन स्थानकं घेऊ: उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. रेल्वेने पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत अंतर जेमतेम दहा किलोमीटर. पण तिन्ही वस्त्या तिथे असण्याची कारणं पूर्ण वेगळी आहेत.

नकाशा आधी, गोष्ट नंतर

असे नकाशे कोणाला लागतात? कादंबरी किंवा वेब-मालिका लिहिणाऱ्यांना, कॉमिक काढणाऱ्यांना, गेम बनवणाऱ्यांना. १९७४ मध्ये आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारखे खेळ मित्रांसोबत खेळणाऱ्यांना तर हमखास लागतात. आणि अनेकांना कशासाठीच लागत नाहीत, नुसती मजा म्हणून काढतात. तेही चालतं.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'ची सुरुवात १८८१ मध्ये एका बेटाच्या नकाशाने झाली होती. स्कॉटलंडमधल्या सुट्टीत, पावसात घरी अडकलेला असताना सावत्र मुलाबरोबर त्याने तो रंगवला आणि त्यातून गोष्ट निघाली. नकाशा नीट असला तर तो गोष्ट सुचवतो. सजावट म्हणून काढलेला नकाशा काही सुचवत नाही.

देव, रस्ता आणि सरकार

अंबरनाथचं शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठावर आहे. तिथल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० ही नोंद आहे. शिलाहार राजा छित्तराजाच्या काळात काम सुरू झालं आणि मुम्मुणीच्या काळात पूर्ण झालं, असं मानलं जातं. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून आत जावं लागतं. नदी, देऊळ आणि मग त्याभोवती वस्ती असा हा क्रम. आज वालधुनीत कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी जातं हे खरं, पण देवळाची जागा ठरवली ती याच प्रवाहाने.

बदलापूरच्या नावाबद्दल एक लोककथा सांगतात: शिवकाळात या वाटेवर घोडे बदलले जायचे, म्हणून बदलापूर. इतिहास म्हणून ही कथा सिद्ध आहे असं नाही, पण नकाशा काढणाऱ्यासाठी ती सोन्यासारखी आहे. कारण ती सांगते की गाव वाटेवर वसलंय. पुढे रेल्वेनेही घाटाकडे जाताना हीच उल्हास नदीची दरी धरली.

उल्हासनगरचं तिसरंच. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्या बरॅकींमध्ये ठेवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला शहराचं रूप मिळालं आणि नाव मिळालं ते नदीचं. आजही तिथले पत्ते 'कॅम्प ४, सेक्शन अमुक, बरॅक नंबर तमुक' असे असतात. रांगेतल्या लांबट इमारती, आकड्यांचे पत्ते. कोणीतरी वरून आखलेली जागा अशीच दिसते.

तुमच्या गावासाठी आधी या तिघांतलं एक कारण निवडा. देवळाभोवतीच्या गावात गल्ल्या वळणावळणाच्या असतात आणि देवळाकडे येतात. वाटेवरचं गाव लांबट असतं, घरांची तोंडं रस्त्याकडे. आखलेल्या छावणीत सगळं काटकोनात. एवढा निर्णय झाला की अर्धा नकाशा आपोआप ठरतो.

या लेखात आपण वाटेवरचं गाव घेऊ. त्याचं नाव ठेवू वळणकोंड. नदीचं वळण आणि वळणावर पाण्याचा खोल डोह, म्हणजे कोंड.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

यावर लोक आठवडे घालवतात. इतका वेळ देण्यासारखा हा प्रश्न नाही.

'अझगार' नावाचा ब्राउझरमध्ये चालणारा मोफत जनरेटर आहे, पण तो खंड, राज्यं आणि सीमा बनवतो. एका गावासाठी तो फार मोठा. 'वाताबू' या नावाने काम करणाऱ्या प्रोग्रामरचा व्हिलेज जनरेटर मात्र एका क्लिकमध्ये गाव काढून देतो. मोफत आहे. दहा-पंधरा वेळा क्लिक करून वस्ती कशी पसरते ते बघायला उत्तम. पण ते गाव युरोपातल्या मध्ययुगीन खेड्यासारखं असतं हे लक्षात ठेवा.

'इन्कार्नेट' ब्राउझरमध्येच चालतं, तयार चिन्हं उचलून टाकता येतात आणि पहिल्यांदा करणाऱ्यासाठी ते सगळ्यात सोपं आहे. मोफत आवृत्तीत चिन्हं मर्यादित मिळतात, आणि नकाशा विकायचा असेल तर सशुल्क आवृत्ती लागते. 'वंडरड्राफ्ट' एकदाच पैसे देऊन घ्यायचं, कॉम्प्युटरवर बसवायचं. त्यात स्वतःची चिन्हं घालता येतात.

माझं मत विचाराल तर मराठी नावं असलेल्या गावासाठी 'इंकस्केप' घ्या. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे. नकाशासाठी खास बनवलेलं नसल्याने पहिले दोन दिवस चिडचिड होते, पण त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट येतात आणि प्रत्येक घर नंतर हलवता येतं. एआयकडून तयार चित्र मागवलं तर हे शेवटचं तितकं सहज जमत नाही. हातात एक सपाट चित्र येतं, त्यातलं एक घर नेमकं दहा मीटर डावीकडे घेणं कठीण जातं.

आधी माप ठरवा

२००० बाय २००० पिक्सेलचं कोरं पान घ्या. एक पिक्सेल म्हणजे २५ सेंटिमीटर धरा. मग पूर्ण पान होतं ५०० मीटर बाय ५०० मीटर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला साधारण सहा मिनिटं. सहा मीटर रुंद आणि नऊ मीटर लांब घर २४ बाय ३६ पिक्सेलचं होतं, तीन मीटरची बैलगाडीवाट १२ पिक्सेलची. प्रत्येक ४०० पिक्सेलवर एक फिकट रेघ मारली की शंभर मीटरचे चौकोन तयार.

हे गणित कंटाळवाणं वाटेल, पण त्यातून लगेच एक गोष्ट कळते. हे पान जेमतेम २५ हेक्टरचं आहे. साठ घरं आणि प्रत्येकी पाच माणसं धरली तर तीनशे लोक झाले. त्यांची सगळी शेती या पानात मावणार नाही. म्हणून शेतं पानाच्या कडेपर्यंत न्या आणि तिथून बाहेर जाऊ द्या. चारही बाजूंनी जंगलाची चौकट करून मध्ये चार वाफे दाखवले, तर तुमचं गाव उपाशी मरतंय.

आता पाणी

इथे घाई करू नका. सॉफ्टवेअर कोणतंही असो, पहिला थर उंच-सखल जमिनीचा आणि दुसरा पाण्याचा.

उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते आणि पुढे कल्याणवरून वसईच्या खाडीकडे जाते. वाटेत तिला बारवी, काळू, भातसा अशा नद्या मिळतात. मिळतात, हा शब्द महत्त्वाचा. नद्या खाली जाताना एकत्र येतात, फुटून दोन दिशांना जात नाहीत. समुद्राजवळच्या मुखाचा अपवाद सोडा. नवख्यांच्या नकाशात नदी गावाच्या वर एक असते आणि गावाखाली तिच्या दोन होतात, कारण ते दिसायला छान दिसतं.

वळणकोंडची नदी पानाच्या आग्नेय कोपऱ्यातून आत घ्या आणि वायव्येला बाहेर काढा. बदलापूरजवळ उल्हास साधारण याच दिशेने जाते. रुंदी ४० मीटर, म्हणजे १६० पिक्सेल. मध्ये एक मोठं वळण. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा काठ पाणी कापत राहतं, म्हणून तो उंच आणि उभा. आतल्या बाजूला गाळ साचतो, तिथली जमीन सपाट आणि सुपीक. डोह बाहेरच्या काठाला लागून. त्याच्या थोडं खाली, जिथे पाणी पसरतं आणि उथळ होतं, तिथे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. एवढ्यात तुम्हाला उन्हाळ्यातला पाणवठा मिळाला, पलीकडे जायची वाट मिळाली आणि गाव वाटेवर का आहे हेही मिळालं.

आता तिसरा थर करा आणि त्याला नाव द्या 'पूररेषा'. अंतिम चित्रात तो दिसणार नाही. तरीही नकाशातला सगळ्यात महत्त्वाचा थर हाच.

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नद्यांच्या दोन पूररेषा आखतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधलं क्षेत्र निषिद्ध धरलं जातं, निळ्या आणि लाल रेषेमधलं नियंत्रित. कागदावर ही फक्त दोन रंगांची वळणं आहेत. पण कोणाचं घर त्यांच्या अलीकडे आणि कोणाचं पलीकडे, यावर बांधकामाची परवानगी, घराची किंमत आणि पावसाळ्यातली झोप ठरते.

२७ जुलै २०१९ च्या पहाटे मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजारांहून अधिक प्रवासी होते. रुळांच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, एनडीआरएफच्या बोटी, वर हेलिकॉप्टर. ही दृश्यं तुम्ही मोबाइलवर बघितली असतील. सगळे सुखरूप बाहेर आले. त्याआधी २६ जुलै २००५ ला आणि नंतर जुलै २०२१ मध्येही बदलापूरच्या सखल भागांत पाणी शिरलं. नदी दर वेळी साधारण त्याच जागा मागते. दरम्यान त्या जागांवर इमारती उभ्या राहिलेल्या असतात, एवढाच फरक.

म्हणून वळणकोंडमध्ये घर टाकण्याआधी दोन्ही रेषा मारा. नदीपासून सगळीकडे सारख्या अंतरावर मारू नका. आतल्या सपाट बाजूला निळी रेषा १२० मीटर आत जाईल, बाहेरच्या उंच काठावर २० मीटरही पुरतील. ओढा जिथे नदीला मिळतो तिथे रेषा ओढ्यातून मागे चढवा, कारण नदी तुंबली की ओढ्याचं पाणी परत फिरतं. या कोपऱ्याचा अंदाज नवख्यांचा हमखास चुकतो.

खऱ्या जमिनीवर सराव करायचा असेल तर ओपनटोपोमॅप उघडा आणि बदलापूर शोधा. समोच्च रेषा आयत्या दिसतात. त्यावर कागद ठेवल्यासारखं गिरवता येतं, फक्त प्रसिद्ध करताना ओपनस्ट्रीटमॅपला श्रेय द्यायला विसरू नका. शेतांचे गट कसे आकार घेतात ते बघायला सरकारचं महाभूनकाशा संकेतस्थळ आहे. तिथे कुठल्याही गावाचा नकाशा उघडा, एकही शेत चौकोनी सापडलं तर नशीब. ठाण्याकडच्या भातखाचरांचे बांध उतार बघून वळतात. सपाटीला खाचरं मोठी, चढावर अरुंद पट्ट्या.

घरं कोणाची, कुठे?

गावात वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. पांढरी उंचावर टाका, उंच काठाच्या मागे, लाल रेषेच्या बाहेर. काळी वळणाच्या आतल्या गाळाच्या जमिनीवर, कारण पीक एखाद्या वर्षी बुडलं तर निभावतं. मुख्य वाट उताराकडून वर येते, वेशीतून आत शिरते आणि पाराजवळून पुढे डोंगराकडे जाते. साठ घरांच्या चार आळ्या करा. सगळ्या घरांचं तोंड एकाच दिशेला नको, अंतरंही सारखी नकोत.

आता एक अवघड प्रश्न. साठ घरांपैकी कोणाची घरं रेषेच्या आत येणार?

आपल्याकडच्या जुन्या गावरचनेत याचं उत्तर ठरलेलं असायचं. दलित वस्ती गावकुसाबाहेर. ठाणे जिल्ह्यात कातकरी आणि ठाकूर पाडे गावापासून दूर, डोंगराच्या अंगाला. नकाशात ही गोष्ट एका कुंपणाच्या रेघेएवढी दिसते. काल्पनिक गावात तुम्ही हे तसंच ठेवू शकता, उलटं करू शकता किंवा पूर्ण वेगळी रचना करू शकता. पण 'गाव म्हणजे असंच असतं' म्हणून न बघता वेस काढली, तर तुम्हीही कोणालातरी बाहेर ठेवलेलं असतं. जनरेटर हा प्रश्न विचारत नाही. तो तुम्हालाच विचारावा लागतो.

वळणकोंडमध्ये मी निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये सात घरं ठेवली आहेत. नावाड्यांची. ती तिथे का आहेत, पूर आला की कुठे जातात आणि वरचे लोक त्यांना जागा का देत नाहीत, यात निदान एक गोष्ट दडलेली आहे.

जादू नकाशात दिसली पाहिजे

हा फँटसी नकाशा आहे, तर जादू कुठे? चमकणारा जांभळा दगड टाकून काम भागत नाही. जादूमुळे लोकांनी घरं, वाटा, कुंपणं कशी हलवली ते दाखवा.

बदलापूरची लोककथा थोडी वाकवू. समजा वळणकोंडमध्ये रात्री बांधलेला घोडा सकाळी वेगळाच निघतो. रंग वेगळा, स्वभाव वेगळा, कधी वय वेगळं. म्हणजे तबेला गावात असणार नाही. तो उताराजवळ, वेशीबाहेर. त्याच्या आणि पहिल्या घराच्या मध्ये मोकळी जागा, कारण कोणालाच तिथे राहायचं नाही. बाजूला एक धर्मशाळा, कारण मालकांना सकाळपर्यंत थांबावं लागतं. एक खूणदगड, ज्याच्या आत गुरं आणायची नाहीत. वाटसरूंच्या पैशावर चालणारी दोन-तीन दुकानं. नकाशात जादूचं चिन्ह एकही नाही, तरी बघणारा विचारतो, ही जागा रिकामी का?

चिन्हांचा एक घोळ इथे येतो. तयार संचांमध्ये लाकडी युरोपीय घरं, चर्च, पवनचक्क्या भरपूर, कौलारू घर मिळणं मुश्कील. सोपा उपाय म्हणजे नकाशा थेट वरून काढा. वरून बघितलं तर कौलारू घर म्हणजे विटकरी आयत आणि मध्ये आढ्याची एक रेघ. पार म्हणजे वर्तुळात झाड. असं एक घर इंकस्केपमध्ये बनवा, साठ प्रती करा, प्रत्येक थोडी फिरवा.

नावं आणि उत्तर दिशा

नावं सगळ्यात शेवटी टाका, पण फाँट आधीच तपासा. चाचणीसाठी 'क्षेत्रपाल', 'वऱ्हांडा' आणि 'श्री' हे तीन शब्द टाइप करा. जोडाक्षर तुटलं किंवा वेलांटी अक्षरापासून सुटली तर ते सॉफ्टवेअर देवनागरीसाठी निकामी. मग नकाशा तिथे काढा आणि नावं इंकस्केपमध्ये चढवा. 'मुक्त' आणि 'तिरो देवनागरी मराठी' हे फाँट मोफत आहेत. दुसऱ्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात.

नावं छोटी ठेवा आणि लोक बोलतात तशी: कोंडाची वाट, वरची आळी, जुना पार. 'अंधारसम्राटाचे महाभयंकर अरण्य' फार तर एकदा चालेल.

उत्तरेचा बाण द्या, पण गावकऱ्यांच्या दिशा वेगळ्या असू शकतात. बदलापूरचंच घ्या. कल्याणनंतर रूळ आग्नेयेला वळतात, पण स्थानकांच्या 'पूर्व' आणि 'पश्चिम' बाजू जुन्याच सवयीने चालत राहतात. त्यामुळे होकायंत्र लावलं तर 'बदलापूर पश्चिम' बरीचशी ईशान्येला निघते. रोज त्या पुलावरून जाणाऱ्यांचं त्याने काही अडत नाही. वळणकोंडचे लोकही 'उत्तर' म्हणत नसतील, 'कोंडाकडे' आणि 'डोंगराकडे' म्हणत असतील. बाणाशेजारी तेही लिहा.

पोस्ट करण्याआधी

नकाशा फोनवर उघडून बघा. २००० पिक्सेलचं पान मोबाइलच्या पडद्यावर आकसतं आणि बारीक नावं आधी मरतात. नाव वाचायला बोटांनी मोठं करावं लागत असेल तर अक्षर वाढवा. मग एखाद्या मैत्रिणीला किंवा मित्राला फक्त चित्र पाठवा आणि विचारा, रात्री नदीला पाणी चढलं तर तबेल्यातून वरच्या आळीत कसं जाशील? वाट सांगता आली तर नकाशा वाचता येतोय. नाही आली तर घरं सरकवा.

पूररेषेचा थर बंद करून पीएनजी काढा. मूळ फाइल मात्र थरांसकट जपून ठेवा. गोष्टीच्या तिसऱ्या-चौथ्या भागात कधीतरी पाऊस येईल, तेव्हा तो थर पुन्हा चालू करायचाय.